आतड्याचा पीळ

मराठी भाषेस आतड्याचे मोठे प्रेम आहे. परक्याचे दुःख पाहून आपले आतडे पिळवटते, लेकरासाठी आईचे आतडे तुटते, आणि ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही असा एखादा माणूसही आपल्या आतड्याचा होऊन जातो. या सगळ्या बोलण्यात पीळ हा मायेचा आहे. परंतु पोटातील आतड्यास खरोखरीचा पीळ पडतो, तो काही तासांत धडधाकट मनुष्यास मृत्यूच्या दारी नेऊन उभा करतो, आणि त्या थोड्या तासांत घरच्या मंडळींनी काय केले यावर पुढचे सारे अवलंबून राहते, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही ठाऊक नसते. या महिन्यात त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. औषध सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु कोणत्या वेळी घरचे औषध बाजूस ठेवून घराबाहेर पडावे हे सांगण्यास शेजारधर्माचा अधिकार पुरेसा आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम आतड्यांची मांडणी ध्यानात घेतली पाहिजे. लहान आतडे सुमारे २० फूट लांब, मोठे सुमारे ५ फूट. एवढी लांबी एवढ्याशा पोटात गुंता न होता राहते, याचे कारण ती सुटी पडलेली नसते. एका पातळ पडद्याने लहान आतडे पाठीच्या भिंतीस बांधलेले असते. हा पडदा मुळाशी जेमतेम ६ इंच रुंद, आणि बाहेरच्या कडेस मात्र सगळ्या २० फुटांस पुरेल इतका पसरलेला. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या कमरेपाशी मुठीत मावतात आणि खाली घेर धरतात, तसाच हा प्रकार. याच पडद्यातून आतड्यास रक्त नेणाऱ्या व आणणाऱ्या वाहिन्या जातात. मोठ्या आतड्याचा बहुतेक भाग जागच्या जागी चिकटलेला असतो. मात्र गुदद्वाराच्या अगोदरचा डाव्या बाजूचा फास सैल लोंबता असतो. ग्रीक लिपीतील सिग्मा या अक्षरावरून डॉक्टर त्यास सिग्मॉइड म्हणतात. संस्कृतचे विद्यार्थी त्यास अवग्रहाचे चिन्ह म्हणाले तरी आकृती तीच डोळ्यांपुढे उभी राहील.

आता हा सैल फास फार लांब असला, त्याच्या पडद्याचे मूळ अरुंद असले, आणि वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठाने तो मळाने जड झाला, तर तो स्वतःभोवती फिरतो. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांस मोटेची सोंड आठवेल. सोंडेस पीळ पडला की मोट भरलेली असूनही पाटात थेंब पडत नाही. येथेही तसेच होते. फासाची दोन्ही तोंडे बंद होतात. आतला वायू बाहेर जात नाही, आणि आतड्याच्या ओढीने वरून आणखी वायू मात्र आत ढकलला जातो. पोट ढोलासारखे फुगते.

केवळ मार्ग बंद होणे एवढेच असते, तर दोन दिवस वाट पाहण्यास हरकत नव्हती. परंतु पीळ आतड्यास पडतो तसाच तो पडद्यातील वाहिन्यांसही पडतो. अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा मऊ असतात, त्या प्रथम चेपतात. शुद्ध रक्त आणणाऱ्या धमन्या कठीण असतात, त्या काही काळ रक्त आत लोटीतच राहतात. आत येणे चालू आणि बाहेर जाणे बंद, अशा स्थितीत आतडे सुजते, निळे पडते, मग काळे. शेवटी धमन्याही बंद होतात. रक्त सर्वस्वी थांबल्यावर सुमारे सहा तासांत आतड्याची जी हानी होते ती पुन्हा भरून येत नाही. मेलेल्या आतड्यातून विष रक्तात उतरते, पुढे आतडे फाटते, आणि मळ पोटात पसरतो. म्हणून या रोगात दिवस मोजावयाचे नसतात, तास मोजावयाचे असतात.

आता आमच्या कोल्हापुरातील कोणत्याही जुन्या पेठेतले एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. घरात सत्तरीचे आजोबा. शौचास साफ होत नाही ही त्यांची नेहमीचीच तक्रार. पहाटे पाचास त्यांच्या पोटात कळ येते. कोणी ओवा आणि सैंधव आणून देतो, कोणी बेंबीभोवती हिंगाचा लेप घालतो. सातास ते शौचास जाऊन येतात, पण काही होत नाही; वारादेखील सरत नाही. मग चहातून एरंडेल दिले जाते. नवाच्या सुमारास उलटी होते, आणि पित्त पडले, आता बरे वाटेल, असे सर्वांस वाटते. दुपारपर्यंत पोट ताणून कडक होते. बेंबी सरकली असेल म्हणून पोट चोळणाऱ्यास बोलावणे जाते. संध्याकाळी कळ एकाएकी मंदावते, आणि घरातील मंडळी सुटकेचा श्वास टाकतात. वस्तुतः सर्वांत भयंकर घटका हीच. कळ थांबते ती पीळ सुटल्यामुळेच असे नाही. जे आतडे मेले ते कळ देत नाही, आणि फाटलेल्या आतड्याचा ताणही क्षणभर सैल होतो. रात्री हातपाय गार पडतात, नाडी धावू लागते, आणि मग दवाखान्याची धावपळ सुरू होते. या घरात कोणी निष्काळजी नव्हते. प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे सेवाच केली. पण एरंडेलाने बंद नळीवर आतड्याचा जोर वाढला, चोळण्याने तटतटलेल्या आतड्यास धोका झाला, आणि सर्वांत मोठे नुकसान म्हणजे चौदा तास गेले.

हे ओळखावे कसे? लक्षणे चार आहेत: पोटात कळ, पोट फुगणे, उलटी, आणि मळ व वारा दोन्हींचा अवरोध. यांतील शेवटचे लक्षण घरच्या माणसांनी विशेष ध्यानात ठेवावे. साध्या बद्धकोष्ठात मळ अडतो, पण वारा सरतो. दोन्ही बंद झाले आणि पोट चढू लागले, म्हणजे घरगुती उपायांची हद्द संपली. लहान आतडे अडले तर उलट्या लवकर सुरू होतात. मोठे अडले तर पोट अगोदर फुगते आणि उलटी उशिरा येते. त्यावर ज्वर, वेगवान नाडी, थांबून थांबून येणारी कळ सतत होऊ लागणे, पोट फळीसारखे कठीण होणे किंवा गुदावाटे रक्त जाणे, यांपैकी काही दिसले, तर आतडे मरू लागले आहे असा डॉक्टर संशय धरतात.

रुग्णालयात प्रथम पोटाचे क्ष-किरण छायाचित्र घेतात. मोठ्या आतड्याच्या फासास पीळ पडला असेल तर त्यात वायूने फुगलेली एक प्रचंड कमान दिसते, आणि तिच्या मधोमध एक रेघ. डॉक्टर तिला कॉफीच्या बीची उपमा देतात. आमच्या घरांतून सोललेल्या पावट्याची दोन दळे म्हटले तरी चालेल. सीटी स्कॅनमध्ये पडद्यातील वाहिन्या एकमेकींभोवती गरगरलेल्या दिसतात. त्या चिन्हास भोवऱ्याचे नाव मिळाले आहे, आणि ते यथार्थ आहे.

आतडे जिवंत असेल तर मोठ्या आतड्याचा पीळ पुष्कळदा पोट न उघडताही सोडविता येतो. गुदद्वारातून दुर्बिणीची नळी हळूहळू पिळापर्यंत नेतात. ती पलीकडे सरकली की कोंडलेला वायू व मळ वेगाने बाहेर येतो आणि पोट पाहता पाहता उतरते. नॉर्वेतील ब्रूसगार्ड नावाच्या डॉक्टरने १९४७ साली अशा उपचाराचे आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून ही रीत सर्वत्र मान्य झाली. परंतु सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. सैल फास जागच्या जागीच असल्यामुळे पुष्कळ रोग्यांस तोच पीळ पुन्हा पडतो. म्हणून प्रकृती सावरताच, शक्य तो रुग्णालयातील त्याच मुक्कामात, तो फास कापून आतडे जोडून घ्यावे असा सल्ला देतात. बरे वाटते म्हणून रोग्यास घरी नेण्याची घाई करणारे नातलग हे वाक्य पुन्हा वाचतील तर बरे.

या रोगाचा एक फार दुर्मिळ प्रकार आहे, आणि तो ओळखण्यास अनुभवी शल्यविशारदासही कठीण जाते. त्यात एक आतडे स्वतःभोवती फिरत नाही. लहान आतड्याचा वेटोळा सिग्मॉइड फासाच्या मुळाभोवती गुंडाळला जाऊन दोहोंची गाठ बसते. १८४५ साली पार्कर नावाच्या डॉक्टरने तिचे वर्णन प्रथम केले. एका गाठीने दोन आतड्यांचे रक्त तुटते, म्हणून येथे काळ दुप्पट वेगाने धावतो. निदान फसते ते यामुळे की, लक्षणे परस्परविरुद्ध असतात: उलट्या लहान आतडे अडल्यासारख्या, आणि छायाचित्रातील फुगलेली कमान मोठ्या आतड्याची. दुर्बिणीची नळी घालावी तर गाठ सुटत नाही. असे विसंगत चित्र दिसले आणि रोगी वेगाने खालावत चालला, तर आणखी तपासण्यांत वेळ न दवडता पोट उघडणे हेच शहाणपण ठरते. खरे निदान बहुधा शस्त्रक्रियेच्या मेजावरच होते.

ही गाठ पडते कशाने? सर्वांत मोठ्या अनुभवांपैकी एक आफ्रिकेतील युगांडाचा आहे. तेथील ९२ रोग्यांचा वृत्तांत शेफर्ड नावाच्या शल्यविशारदाने १९६७ साली प्रसिद्ध केला. दिवसातून एकदाच, पण भरपूर चोथ्याचे जेवण करणाऱ्या लोकांत हा विकार अधिक आढळतो. रिकामे, चपळ लहान आतडे एकदम जड झाले की ते हेलकावा घेऊन लांबलचक सिग्मॉइड फासाभोवती फिरते, अशी त्याची उपपत्ती सांगतात. आमच्या घरांतून चातुर्मासाची व्रते, निर्जळी एकादशी आणि दुसऱ्या दिवशीचे भरगच्च पारणे हा क्रम चालत आला आहे. उपवासाने हा रोग होतो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. शेकडो वर्षे लाखो लोक उपवास करीत आले आहेत. परंतु ज्या वृद्धांस जुने बद्धकोष्ठ आहे त्यांनी पाणी वर्ज्य करू नये आणि पारणे बेताचे करावे, एवढे सांगण्यात धर्माचा अधिक्षेप होत नाही.

शस्त्रक्रियेत काय होते तेही थोडक्यात सांगतो, कारण माहिती असली की भीती कमी होते. रोग्यास भूल देण्यापूर्वी शिरेतून पाणी व क्षार भरून काढतात आणि नाकावाटे नळी घालून जठर रिकामे करतात. पोट उघडल्यावर शल्यविशारद प्रथम आतड्याचा रंग पाहतो. शंकास्पद भाग सोडवून त्यावर उष्ण क्षारजलात भिजविलेले फडके ठेवतात आणि काही मिनिटे थांबतात. रंग गुलाबी झाला, पडद्यातील धमनी उडू लागली, चिमटा लावताच आतडे आकुंचन पावले, तर ते जिवंत. नाही तर तो भाग काढावा लागतो. जे आतडे स्पष्टच मेलेले आहे त्याचा पीळ न सोडविताच ते कापून काढावे, म्हणजे त्यातील विष एकदम रक्तात जाणार नाही, असे पुष्कळ शल्यविशारद मानतात. गाठीच्या रोगात बहुधा दोन्ही आतड्यांचे तुकडे काढावे लागतात. लहान आतड्याची टोके तेथेच जोडतात. मोठ्याची जोडणी त्या घटकेस धोक्याची वाटली, तर वरचे टोक पोटावर आणून शौचाचा तात्पुरता मार्ग करतात. फ्रेंच शल्यविशारद हार्टमन याने १९२१ साली दुसऱ्या एका रोगासाठी सांगितलेली ही युक्ती अशा प्रसंगी जीव वाचविते.

पोट उघडणे म्हणजे परकीय विद्या, असे मानणाऱ्या मंडळींनी सुश्रुतसंहितेचे चिकित्सास्थान उघडून पाहावे. बद्धगुद नावाच्या उदररोगात, म्हणजे आतडे तुंबले असता, बेंबीच्या खाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून पोट उघडावे, चार अंगुळे आतडे बाहेर काढून नीट निरखावे, अडथळा करणारा खडा, केस किंवा मळाचा गोळा दूर करावा, मध व तूप लावून आतडे जागच्या जागी ठेवावे आणि बाहेरची जखम शिवावी, असा विधी तेथे दिला आहे. छिद्र पडलेल्या आतड्याच्या कडा मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चाववून, त्यांची डोकी तशीच ठेवून, जोडण्याची रीतही तेथेच आहे. चरकाने या रोगाच्या कारणांत अन्त्रसंमूर्च्छन गणले आहे. आतड्यांच्या गुंत्याचा अर्थ त्यात आहे. पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते असे आम्ही म्हणत नाही. भूल १८४६ साली आली, निर्जंतुकतेची जाणीव १८६७ साली लिस्टरने दिली, क्ष-किरण १८९५ साली सापडले. त्याविना ही शस्त्रक्रिया किती जणांस तारीत असेल ते सांगवत नाही. पण ती करावी हा निश्चय आपल्याकडे प्राचीन काळीच झाला होता. आणि त्याबरोबर एक फार मोलाची सूचनाही या ग्रंथकारांनी दिली: दारुण उपायापूर्वी आप्तेष्टांस व राजास स्पष्ट सांगावे की, काही न केल्यास मृत्यू निश्चित आहे आणि केल्यास यशाविषयी संशय आहे, त्यांची अनुज्ञा मिळाल्यावरच हात घालावा. आजच्या संमतिपत्रात याहून निराळे काय असते?

संमतीची ही घटका कशी असते त्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. रोग निराळा होता, आंत्रपुच्छाचा. परंतु प्रश्न हाच होता. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींस पोटदुखी जडली, आणि १२ तारखेस त्यांस पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले. आधुनिक डॉक्टरांविषयी त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ या १९०९ च्या पुस्तकात किती कठोर लिहिले होते ते प्रसिद्धच आहे. शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे सरकारी अधिकारी. रोगी त्याच सरकारचा कैदी. तरीही विलंब धोक्याचा आहे हे समजताच गांधींनी संमतिपत्रावर सही केली. तो मजकूर श्रीनिवास शास्त्री यांनी लिहून घेतला होता. शस्त्रक्रिया चालू असता विजेचा दिवा गेला, आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली. मते बाजूस ठेवून त्या रात्री निर्णय झाला, म्हणून पुढची चोवीस वर्षे देशास मिळाली.

दक्षिण महाराष्ट्रात तर पोटाच्या शस्त्रक्रियेची परंपरा जुनी आहे. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची माणसे बैलगाडीने व आगगाडीने तेथे जाऊ लागली. कोल्हापुरात संस्थानी काळातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय होते. तेच आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही थोरला दवाखाना. तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीस जी अडचण होती ती आता उरलेली नाही. अंतर उरले आहे ते अंथरुणापासून उंबरठ्यापर्यंतचे.

त्या उंबरठ्याशी पाय अडखळतो याचे एक कारण मोकळेपणाने बोलले पाहिजे. पोटावर शौचाचा मार्ग काढावा लागेल असे कळताच पुष्कळ घरांतून, विशेषतः सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांतून, असे जिणे नको, असा उद्गार निघतो. कधी तो रोग्याचा असतो, अधिक वेळा इतरांचा. आमचे म्हणणे असे की, हा निर्णय रोगी शुद्धीवर असेल तर त्याचाच आहे. पुष्कळदा तो मार्ग काही महिन्यांनी बंद करून आतडे पूर्ववत जोडता येते. काहींस तो कायम राहतो, आणि तरीही पिशवीच्या साहाय्याने ते हिंडतात, जेवतात, पूजा करतात. आपद्धर्म हा शब्द आपल्याच शास्त्राने दिला आहे. पोटावरील जखमेने देवघर विटाळते असे मानणाऱ्याने, देव कोणाच्या पोटात राहतो याचाही विचार करावा.

तान्ह्या मुलांविषयी एक स्वतंत्र इशारा दिल्यावाचून हा लेख संपविणे बरे नव्हे. काही बालकांची आतडी गर्भात असताना नीट वळून बसत नाहीत; पडद्याचे मूळ अरुंद राहते, आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत सगळ्या लहान आतड्यास पीळ पडू शकतो. बोस्टनच्या डॉक्टर लॅड यांनी १९३६ साली यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आईने ध्यानात ठेवावयाचे ते एवढेच: तान्ह्या बाळाची उलटी दुधाची न होता हिरवी झाली, तर घुटी, वेखंड, दृष्ट काढणे यांत एक घटकाही घालवू नये. बाळाचे पोट फुगलेले नसले तरीही नाही.

शेवटी घरोघरी सांगून ठेवण्याजोग्या गोष्टी अशा. पोटात कळ, फुगवटा, आणि मळ व वारा दोन्ही बंद, असे दिसताच रोग्यास तोंडाने काहीही देऊ नये. एरंडेल नाही, काढा नाही, पाणीही नाही. घरी बस्ती देऊ नये, पोट चोळू नये. कळ केव्हा सुरू झाली ती वेळ कागदावर लिहावी, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. रोगी कोणती औषधे घेतो आणि पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झाली होती काय, तेही लिहावे. रात्रीच्या वेळी शल्यविशारद, सीटी स्कॅन व रक्तपेढी जेथे उपलब्ध आहे असे रुग्णालय कोणते, याची चौकशी आज, सगळे सुखरूप असतानाच, करून ठेवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका घरातील मुलांसही ठाऊक असावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी दुखणे अंगावर काढण्यात पुरुषार्थ मानू नये. पहाटे मुलांची झोप मोडू नये म्हणून कळ सोसत पडून राहणारे पुष्कळ असतात. त्यांस आमची विनंती आहे की, त्यांनी खुशाल झोप मोडावी.